नाराचा खांब

शुभा हसली. अळूच्या भाजीचं पातेलं कमरेवर टेकवून ती पंगतीच्या मधोमध उभी होती, पळी भाजीत बुडवलेली तशीच राहिली होती, आणि ती हसत होती. ओठ मिटून, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून हसतात तसं नाही. मोकळं, दात दिसतील असं, आणि मग आवरेना म्हणून खांद्यानं पदर तोंडाकडे ओढत. अनंतच्या हातातला घास हातातच राहिला. हे हसू त्यानं जवळजवळ दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांच्या दोन खोल्यांतून ते जे गेलं ते परत येईल अशी आशाही त्यानं कधीच सोडली होती. आणि आता ते आलं होतं ते परक्या घरात, जयवंत परबाच्या नव्या ब्लॉकच्या वास्तुशांतीला, चुन्याचा वास अजून न गेलेल्या भिंतींच्या मधे. ती हसत होती अनंतच्या रडण्याला. हे तिला ठाऊक नव्हतं. पंगतीत बसलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. जो गोष्ट सांगत होता त्या जयवंतलाही ठाऊक नव्हतं.

'आता नाकपुडी म्हणजे तुमच्याआमच्यासारखी नव्हे,' जयवंत सांगत होता. यजमान म्हणून तो पंगतीला बसला नव्हता. सोवळं नेसून, उघड्या अंगानं, हातात जिलब्यांचं ताट घेऊन दाराशी उभा होता. 'मूर्ती आपल्या चार मजली चाळीएवढी. त्या बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक मागच्या एका खांबाला पाडलेलं. पोरं सहज आरपार जातात. जो आरपार गेला त्याला म्हणे मोक्ष. मी म्हटलं, परबांच्या घराण्यात आजवर कुणाला मिळाला नाही, बघू या. कोट काढला, लोटांगण घातलं आणि घुसलो. हात गेले, डोकं गेलं, छाती काही जाईना. पुढे नाही, मागे नाही. बाटलीला बूच बसावं तसा. ह्या बाजूनं आपला अनंता माझे पाय धरून ढकलतोय, त्या बाजूनं एक जपानी म्हातारी हात धरून ओढतेय, आणि मधल्यामधे मी हसतोय. हसून हसून बेजार. बाहेर पडलो तर डोळ्यांतून धारा. म्हातारी घाबरली, तिला वाटलं एखादं हाड मोडलं. पदर नाही तिला, तर आपल्या रुमालानं माझं तोंड पुसतेय. विचारा हवं तर अनंताला. काय रे, थापा मारतोय काय मी?'

पंगत वळून अनंतकडे बघायला लागली. जयवंतच्या कारखान्यातली माणसं, त्याचे कुडाळकडचे पाहुणे, शेजारचे नवे ब्लॉकवाले. शुभाही बघत होती. तिच्या डोळ्यांत हसून आलेलं पाणी होतं.

'नाही,' अनंत म्हणाला. 'अगदी असंच झालं.'

'वायच भात घे रे अनंता,' जयवंतची आई पलीकडून म्हणाली. 'कायच जेवलंस नाय.' त्यानं पानावर हात आडवा धरला, मग काढला, आणि भात घेतला. मन कुठेही असलं तरी हात आपलं काम करत असतात, हे त्याला स्वतःबद्दल फार पूर्वीपासून ठाऊक होतं, आणि ह्या गुणाची त्याला हल्ली भीती वाटे.

अडकला होता तो अनंत. पाय धरले होते ते जयवंतनं. एवढाच काय तो फरक, आणि गमतीच्या गोष्टीत एवढ्या फरकानं कुणाचं काही बिघडत नाही. उलट गोष्ट जयवंतला शोभत होती. जपानहून परत आल्यापासून त्याचं पोट चांगलंच सुटलं होतं, आणि त्या पोटाकडे बघून हा माणूस खांबात अडकला असणार हे कुणालाही पटावं. अनंतकडे बघून पटण्यासारखं काही नव्हतं. उंच, हाडकुळा माणूस, खांदे रुंद पण अंगावर मांस नाही. आणि चेहरा असा की ह्याला कधी काही झालं असेल असं वाटू नये. भांडुपच्या कारखान्यात विजेच्या खांबांवर बसवायचे चिनीमातीचे पांढरे कप होत, आणि भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं काम अनंतकडे होतं. चांगला असला तर कप खणखणतो. आत बारीक चीर असली, डोळ्यांना न दिसणारी, तर आवाज बद्द येतो. अनंतचा कान कारखान्यात नावाजलेला होता. कंपनीनं दोघांना जपानला शिकायला धाडायचं ठरवलं तेव्हा जयवंतची निवड झाली ती त्याच्या बोलण्यामुळे आणि अनंतची ह्या कानामुळे.

जपान म्हणजे ओसाकाच्या कडेचा एक काळवंडलेला कारखाना आणि त्याच्या मागच्या वसाहतीतली एक खोली. शनिवारी तिथे दुपारपर्यंतच काम असे. अशाच एका नोव्हेंबरातल्या शनिवारी जयवंत म्हणाला, 'चल रे, नाराला जाऊन येऊ. जुनी राजधानी आहे म्हणतात, देवळंच देवळं. इथं बसून तू नुसता भिंत बघणार.' आणि अनंत निघाला, कारण नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. विजेच्या गाडीनं तासाभरात पोचले. लाकडी घरांचं गाव, उतरत्या काळ्या कौलांचं, संध्याकाळ झाली तशी घराघरांतून लाकडाचा धूर निघत होता, आणि रस्त्यांवरून हरणं हिंडत होती, आपल्याकडे गाई हिंडतात तशी, कुणाची नाहीत आणि सगळ्यांची आहेत अशी. एका हरणानं जयवंतच्या खिशातला गावाचा नकाशा ओढून काढला आणि उभ्याउभ्या चावून खाल्ला. जयवंत त्याच्याशी मालवणीत भांडला. उतरले त्या धर्मशाळेवजा घरात जमिनीवर चटया होत्या, जेवायला मासळी होती. जयवंत प्रत्येक तुकड्यागणिक घरची आठवण काढत जेवला आणि अनंतनं लोणच्याशी भात खाल्ला. जयवंत बोलत राहिला आणि अनंत हं हं करत राहिला. मैत्री म्हणजे त्या दिवसांत एवढंच होतं, आणि ते पुष्कळ होतं. एका माणसाला बोलायला कुणीतरी हवं होतं आणि दुसऱ्याला गप्प बसायला.

सकाळी ते मोठ्या देवळात गेले. देऊळ कसलं, लाकडाचा डोंगर. पायऱ्यांशी दोघांनी सवयीनं बूट काढले, पायरीखाली नीट लावून ठेवले, आणि मोज्यांनिशी आत शिरले. आत सगळे जपानी बूट घालून फिरत होते. दगडी फरशी बर्फासारखी गार. मागून एक पहारेकरी त्यांचे बूट दोन्ही हातांत घेऊन धावत आला, वाकून वाकून काहीतरी विनवायला लागला. जयवंत त्याला हात जोडून सांगत होता, 'नाही बाबा, देवळात नाही चालत आम्हाला.' तो वाके, हे हात जोडत. शेवटी त्यानं हार खाल्ली आणि त्या चार बुटांची राखण करत बसला. हेही जयवंत सांगत असे, आणि हे तो जसं झालं तसंच सांगे, कारण ह्यात अनंतचं काही नव्हतं.

बुद्ध काळसर होता, धुरानं आणि वयानं. एक तळहात समोर उभा. अनंतनं तोंडाकडे बघितलं नाही, त्या बोटांकडे बघत राहिला. इथे आपल्याला काहीतरी वाटेल, अशी त्याची अपेक्षा होती. एवढं मोठं काहीतरी समोर असताना माणसाला काही ना काही वाटायलाच हवं. तळपाय गारठले होते, तेवढं कळत होतं. गेले चार महिने तो स्वतःला असाच वाजवून बघत होता, जिथे तिथे, आणि दर वेळी आवाज बद्द येत होता.

चार महिन्यांपूर्वी माणिक गेली होती. तीन वर्षांची त्यांची मुलगी. दुपारी घसा दुखतो म्हणाली, संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. घटसर्प. डॉक्टरांनी सुई दिली आणि उशीर झाला म्हणाले. तिचा श्वास आत जायला वाट शोधत होता आणि वाट मिटत चालली होती. अनंतनं तिला उभी धरली होती, खिडकीशी, वारा लागेल म्हणून, जसा काही वाराच कमी पडत होता. लहान मुलांना अग्नी देत नाहीत, पुरतात. मिठागरांच्या बाजूला एक जागा होती तिथे त्यानं तिला स्वतःच्या हातांनी खाली ठेवलं, आणि कुणीतरी मिठाचं भांडं त्याच्या हातात दिलं, ते त्यानं वर पसरलं. तेवढ्यावर सगळं संपलं. मोठं माणूस गेलं की दिवस ठरलेले असतात, दहावं आहे, तेरावं आहे, पिंड आहे, चार माणसं येतात, रडतात, रडवतात. एवढ्या लहान मुलाचं तसलं काही करत नाहीत. पुढे काय करायचं हे अनंतला कुणी सांगितलं नाही, आणि न सांगता जे येत होतं ते एकच होतं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला. शेजारणीनं डबा दिला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा शुभानं डबा उघडून बघितला. 'सगळा जेवलात,' ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, 'तुमच्या डोळ्यांतून टिपूस नाही आला हो.' त्या एका वाक्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्यापासून थोडी बाजूला सरकली, आणि तिथेच राहिली.

तर त्या देवळात, मूर्तीच्या मागे, तो खांब होता. मिठीत न मावणारा, आणि बुंध्याशी ते चौकोनी भोक. मुलांची रांग होती. लाल, कापूस भरलेल्या कोटातली एक मुलगी, माणिकएवढी, पुनःपुन्हा आत शिरत होती. पलीकडे तिची आजी उकिडवी बसली होती. मुलगी ओणवी होई, डोकं आत, मग पाठ, मग पावलं, मग काही नाही. खांब तेवढा उरे. अनंतचा श्वास थांबे. आणि मग पलीकडून आधी हसू येई आणि मागून ती. वळसा घालून पळत येऊन ती पुन्हा रांगेत उभी राही. आत गेलेलं मूल बाहेर येत होतं. दर वेळी येत होतं. ह्यात बघण्यासारखं काय आहे ते जयवंतला कळेना. 'चल ना रे, पाय गोठले,' तो म्हणाला. अनंतनं कोट काढून त्याच्या हातात दिला, आणि जयवंत 'अरे, अरे' म्हणेपर्यंत तो फरशीवर पालथा पडून आत शिरला होता.

आत अंधार होता आणि लाकडाचा वास होता, जुना, तेलकट, हजारो माणसांच्या खांद्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या लाकडाचा. हात पलीकडे निघाले, डोकं निघता निघता राहिलं, आणि छाती अडकली. श्वास घेतला तर लाकूड दाबे. सोडला तर पुढचा घ्यायला जागा नसे. आणि तेव्हा, जाणूनबुजून नाही, अंगालाच ते कळलं: असं झालं होतं तिला. आपल्या हातांत, खिडकीशी, हे असं झालं होतं. रडू आलं ते घशातून नाही आलं, कुठून आलं ते त्याला सांगता आलं नसतं. त्याचं सबंध शरीर त्या भोकात हलायला लागलं. मागे जयवंतनं पाय धरले होते आणि तो खदखदून हसत होता, 'पोट आत घे रे, पोट आत घे, अनंता.' पुढे ती मुलगी उकिडवी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती हसली नाही. तिनं हात पुढे केला आणि त्याच्या केसांवर ठेवला, आणि एकच शब्द बोलली, जपानी. त्याचा अर्थ त्यानं पुढे कुणाला विचारला नाही. मग आजीनं हात धरून त्याला बाहेर काढलं आणि त्याचं तोंड पुसलं. जयवंत खांबाला वळसा घालून आला. 'बघा, हसून हसून रडला गडी,' तो म्हणाला. 'हो ना,' अनंत म्हणाला. त्या दुपारी त्यानं दोन वाडगे भात खाल्ला आणि गाडीत जयवंतच्या खांद्यावर डोकं टाकून ओसाकापर्यंत झोपला.

हे शुभाला सांगायचं, असं त्यानं त्याच दिवशी ठरवलं होतं. उरलेले महिने आणि बोटीचे सगळे दिवस तो वाक्यं जुळवत होता. धक्क्यावर ती त्याच्या थोरल्या भावाबरोबर, अण्णांबरोबर, आली होती. 'बारीक झालात,' ती म्हणाली. आज नको, त्याला वाटलं. आज अण्णा आहेत. मग उद्या नको, तिचं डोकं दुखतंय. बोलायला न येणाऱ्या माणसाला नेहमीच एखादी बरी वेळ पुढे दिसत असते. अशात मुलुंडच्या वाचनालयानं जयवंतचं व्याख्यान ठेवलं, 'जपानमधील माझे दिवस'. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या दाराशी अनंतनं त्याला गाठलं. 'खांबाचं सांगणार आहेस?'

'सांगणार तर. तेच तर झकास आहे.'

'माझं नाव घेऊ नको.'

'अरे, लोक कौतुकानं हसतील.'

'शुभा येईल कदाचित. नको घेऊस.'

कारण एवढंच होतं की ते तिला गंमत म्हणून कळू नये. आपण नीट सांगू तेव्हा ते तिच्यापर्यंत कोरं पोचावं, आधीच कुणाच्या हशानं मळलेलं नसावं. जयवंतनं त्याच्याकडे बघितलं, त्याचा स्वभाव लाजरा म्हणून मान हलवली, आणि मित्राचा शब्द राखला. नाव घेतलं नाही. त्याजागी त्यानं स्वतःला घातलं. मनाचा मोठा माणूस. चारचौघांत आपलं हसं करून घेतलं, मित्राचं होऊ दिलं नाही. त्याला दोष कसा द्यायचा? शुभा त्या दिवशी आलीच नाही, ती तेव्हा कुठेच जात नसे.

मग गोष्ट चालत राहिली. गणपतीत, कारखान्याच्या सहलीत, कुणाच्या बारशाला. प्रत्येक वेळी थोडी गुटगुटीत होऊन. मोक्षाचं वाक्य आधी नव्हतं, ते मागून आलं. अनंत बहुतेक वेळा तिथेच असे, कोपऱ्यात, आणि साक्ष द्यायला त्याला हाक मारली जाई, आणि तो मान डोलवी. एकदा न्हाणीघरात अंगावर पाणी घेता घेता त्याला नारा आठवलं, आणि त्याला दिसली ती खांबातून बाहेर आलेली दोन पावलं, टाचेशी रफू केलेल्या मोज्यांतली, हवेत हलणारी. तांब्या हातात धरून तो तसाच उभा राहिला. ती पावलं त्याची होती. ती त्याला दिसणं शक्य नव्हतं. जयवंतचे डोळे त्याच्या आत येऊन बसले होते आणि त्याचे स्वतःचे कुठे गेले ते कळत नव्हतं. त्यानं घाईघाईनं लाकडाचा वास आठवायचा प्रयत्न केला, आणि आला तो साबणाचा वास. त्या दिवसापासून तो एका गोष्टीला घट्ट धरून होता. लाल कोटातली मुलगी. जयवंतच्या गोष्टीत म्हातारी होती, हरणं होती, बुटांचा पहारेकरी होता, मुलगी नव्हती. रांगेतल्या पोरांत ती जयवंतच्या लक्षातच आली नव्हती, आणि नंतर तो मागे पाय धरून होता. ती एकटी अनंतची होती. तिचा हात केसांवर होता, हे कुणी सांगून त्याला कळलं नव्हतं.

जेवणं झाली, विडे झाले. जयवंतची बायको नलिनी शुभाला नवं स्वयंपाकघर, नवी मोरी, नळाला येणारं पाणी दाखवत हिंडली. जयवंतनं अनंतच्या पाठीवर थाप मारली. 'वहिनी आज हसल्या बघ,' तो हळू आवाजात म्हणाला. 'मुद्दाम सांगितली मी ती गोष्ट. म्हटलं त्या आहेत, आज सांगायचीच.' त्याचे डोळे खरोखर ओले झाले होते. अनंतनं त्याचा हात दाबला आणि त्याला आपल्या मित्राचा, त्याच्या चांगुलपणाचा, त्याच्या पोटाचा, त्याच्या नव्या भिंतींचा अतोनात तिटकारा आला. तो एक क्षणच राहिला, पण आला हे खरं.

उन्हं कलताना दोघं घरी निघाली. घर लाइनीच्या पलीकडे, चालत जाण्यासारखं. फाटक बंद होतं. मालगाडी येत होती, लांबलचक, कोळशानं भरलेली. फाटकाशी शुभा त्याच्या शेजारी उभी होती, रोजच्यापेक्षा जवळ. तिच्या केसांत नलिनीनं माळलेला गजरा होता.

'जयवंतभावजी पण ना,' ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. 'म्हातारीला वाटलं हाड मोडलं. तुम्ही एवढे तिथं होतात, मला कधी सांगितलं नाहीत.'

'राहून गेलं.'

'तुम्ही पाय धरलेले?'

मालगाडी धडधडत समोरून जायला लागली. आत्ता, त्याला वाटलं. ह्या आवाजात अर्धं ऐकू येईल, अर्धं नाही, सोपं जाईल. 'हो,' तो म्हणाला. गाडी संपता संपत नव्हती. डब्यामागून डबा त्याच्यासमोरून जात राहिला, आणि आपण हे हो का म्हणालो ह्याचा त्याला काही केल्या पत्ता लागेना. फाटक उघडलं तशी शुभा पुढे झाली.

घरी आल्यावर तिनं खिडकी उघडली, देवापाशी दिवा लावला, आणि लुगडं न बदलता तशीच त्याच्यासमोर पाटावर टेकली. रोज ह्या वेळी ती आत असे आणि तो बाहेरच्या खोलीत. आज ती बसली. तिच्या चेहऱ्यावर दुपारच्या हसण्याचं काहीतरी अजून राहिलं होतं, आणि अनंतला दिसलं की ती बाजूला सरकलेली बाई थोडीशी, वीतभर, परत इकडे सरकली आहे.

'मला एक सारखं वाटत होतं तिथं,' ती म्हणाली. 'आपली माणिक असती ना, तर गेली असती त्या खांबातून. सुळकन गेली असती. अंगानं बारीक होती.'

दोन वर्षांत तिनं हे नाव त्याच्यासमोर उच्चारलं नव्हतं. बाहेर कुणीतरी पोराला हाका मारत होतं. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे अनंतला कळलं, आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. 'शुभा, खांबात जयवंत अडकला नव्हता. मी अडकलो होतो.' ती बघत राहिली. त्यानं लाकडाचा वास सांगितला. छाती अडकल्याचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं, आणि माणिकला असंच झालं असेल हे तिथं कळलं ते सांगितलं. वाक्यं बोटीवर जुळवली होती तशीच येत होती, एकामागून एक, नीट, आणि नीट येत होती हेच चुकत होतं. त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा त्याचा आवाज सपाट लागत होता. म्हणून त्यानं शेवटी ते बाहेर काढलं जे त्याचं एकट्याचं होतं. 'समोर एक मुलगी होती,' तो म्हणाला. 'आपल्या माणिकएवढी. लाल कोट घातलेली. तिनं माझ्या केसांवर हात ठेवला. मी रडलो, शुभा. खूप रडलो मी तिथं.'

शुभानं गजरा काढला आणि मांडीवर ठेवला.

'मुलगी कुठून आली?' ती म्हणाली. 'जयवंतभावजींनी म्हातारी सांगितली.'

'त्याला दिसली नाही ती. तो मागे होता.'

'दुपारी एवढ्या माणसांत तुम्ही म्हणालात, अगदी असंच झालं. मघाशी फाटकापाशी मी विचारलं, तेव्हाही हो म्हणालात.' तिचा आवाज चढला नाही. तापलेल्या मुलाला समजवावं तसा तो मऊ होता, आणि त्यात राग शोधूनही सापडत नव्हता. 'तुम्हाला रडू आलं नाही, ते मी केव्हाच सोडून दिलं हो. नाही येत एखाद्याला. मला त्याचं आता काही नाही. पण ते हसण्यावारी नेलेलं दुसऱ्याचं काहीतरी उचलून त्यात माझ्या पोरीला बसवू नका. एवढं करू नका.'

पाय धरल्याचं, नाव घेऊ नको म्हटल्याचं, वाचनालयाचं, सगळं अनंतला सांगता आलं असतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असूनही बनवल्यासारखंच लागलं असतं. शुभा त्याच्या तोंडाकडे बघत होती. थोडा वेळ, वाट बघत असल्यासारखी, बघत राहिली. तिला अजूनही काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे त्यालाही कळत होतं. एवढंसं आलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं डोळे तिच्यावरून हलवले नाहीत. ते कोरडे होते.

मग ती उठली, लुगडं बदलायला आत गेली, आणि जाता जाता तिनं विचारलं, तुम्ही रात्री काही खाणार आहात का.